हात हलतो, तरी दहा

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पेलेट ४.५ मिलिमीटरचे. ते वर्तुळाच्या रेषेला नुसते शिवले तरी आतला गुण मिळतो, त्यामुळे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा, १६ मिलिमीटरच्या आत पडला की नऊ. हे साधायचे एका हाताने, हात पूर्ण लांब करून, कशाचाही टेकू न घेता, आणि ७५ मिनिटांत ६० वेळा. दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओने २००९ साली चांगवॉनला ६०० पैकी ५९४ गुण मारले, तेव्हा त्याच्या ६० शॉटपैकी किमान ५४ त्या बटणात गेले होते.

मुलाला किंवा मुलीला नेमबाजीत घालायचे म्हणून चौकशीला आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: हात स्थिर कसा होईल? नवे नेमबाजही वर्षभर याच मागे असतात. डंबेल्स उचलतात, पाण्याची बाटली हातात धरून उभे राहतात, चहा-कॉफी सोडतात. यातले काहीच वाईट नाही. पण हात स्थिर होणे आणि नेम सुधारणे या दोन गोष्टी जवळच्या असल्या तरी एक नव्हेत, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत या खेळात जे काही कळले आहे त्याचा रोख दुसरीकडेच आहे. हात कुणाचाच थांबत नाही. हलत्या हातातून, त्या हालचालीला धक्का न लावता शॉट सोडता येणे, ही खरी कमाई. ती कशाने येते आणि कशाने येत नाही, याचा हा आढावा.

सुरुवात भूमितीपासून करावी लागते, कारण सरावाच्या निम्म्या गैरसमजुती तिथेच मिटतात. पिस्तुलावर दोन साइट असतात. मागची म्हणजे चौकोनी खाच, पुढची म्हणजे चौकोनी खुंटी. खुंटी खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि दोन्हींचे माथे एका रेघेत, असे दिसले की साइट जुळल्या. आता चूक दोन तऱ्हेने होऊ शकते. समजा साइट अचूक जुळलेल्या आहेत, पण अख्खा हात पिस्तुलासकट ५ मिलिमीटर डावीकडे सरकला. पेलेट ५ मिलिमीटर डावीकडे जाईल आणि दहाच मिळेल. दुसऱ्या प्रकारात हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळून पुढची साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर डावीकडे गेली. दोन साइटमधले अंतर ३३ सेंटीमीटर धरले, तर १० मीटरवर ही चूक ३० मिलिमीटरची होते. पडला सात. .२२ च्या पिस्तुलावर दोन साइटमध्ये २२ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही आणि टार्गेट २५ मीटरवर असते. तिथे त्याच एका मिलिमीटरचे ११ सेंटीमीटर होतात, आणि प्रिसिजनच्या टार्गेटवर गोळी थेट सहाच्या वर्तुळात जाते.

नवख्याला दिसते ती पहिली चूक, कारण काळ्या वर्तुळासमोर पिस्तूल डुलताना डोळ्यांना स्पष्ट दिसते. त्याला छळते ती मात्र दुसरी, आणि ती दिसतच नाही, कारण त्याची नजर टार्गेटवर असते. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट पाहू शकतो. म्हणून जगभरचे प्रशिक्षक एकच घोष करत असतात: पुढची साइट लख्ख, टार्गेट धूसर. नेम धरायचा तोही काळ्याच्या मध्यावर नाही, त्याच्या खाली पांढऱ्यात, थोडी पट्टी सोडून. काळी साइट काळ्यावर धरली तर तिच्या कडा हरवतात. ज्यावर मारायचे ते धूसर ठेवायचे, ही गोष्ट मनाला पटायला महिने लागतात. ‘मला पटलं’ असे तोंडाने म्हणणारा नेमबाजही दबाव आला की टार्गेटकडे पाहतोच.

हाताच्या हालचालीचा सगळ्यात उद्बोधक अभ्यास जुना आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अरुत्युन्यान, गुर्फिंकेल आणि मिर्स्की या सोव्हिएत संशोधकांनी पिस्तूल रोखलेल्या हाताच्या सांध्यांच्या हालचाली मोजल्या. तरबेज नेमबाजाचा खांदा हलत होता, मनगटही हलत होते. फरक असा, की खांदा एका बाजूला ढळला की मनगट नेमके उलट दिशेने तेवढेच भरून काढत होते, आणि नळीचे तोंड जिथल्या तिथे राहत होते. नवख्यांमध्ये ही देवाणघेवाण नव्हती. २००० साली शोल्झ, शोनर आणि लाताश यांनी नव्या गणिती पद्धतीने पिस्तूल रोखण्याचाच अभ्यास केला, तेव्हाही सांध्यांच्या अशाच आपसातल्या सहकार्यावर बोट ठेवले गेले. याचा सरावाशी थेट संबंध आहे. हात लोखंडासारखा ताठ करून, दात-ओठ खात पिस्तूल आवळणारा मुलगा हे सहकार्यच बंद पाडत असतो. स्नायूंच्या ताकदीने खांदा उशिरा दमतो, त्याचा उपयोग आहेच. पण मनगट-खांद्याची ही जुगलबंदी फक्त पिस्तूल धरूनच येते, डंबेल्सने येत नाही.

ट्रिगरचे शास्त्रही इथेच सुरू होते. माणसाच्या हाताला सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होणारी बारीक थरथर निसर्गतःच असते. डोळ्यांनी काही पाहून बोट हलायला सुमारे ०.२ सेकंद जातात. साइट बरोबर जागी आली, आता सोडतो, असे म्हणून ज्याने बोट ओढले, त्याचे बोट हलेपर्यंत थरथरीची दोन आवर्तने होऊन गेलेली असतात. त्याने पाहिले एक आणि सोडले भलतेच. त्यात घाईने ओढलेले बोट एकटे येत नाही, पंजा आवळून येते, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट खाली डावीकडे जाऊन पडतो. रेंजवर याला जर्क म्हणतात. टार्गेटवर विखुरलेल्या सहा-सातांमागे हलणाऱ्या हातापेक्षा हा जर्कच जास्त वेळा सापडतो, असे माझे ठाम मत आहे.

यावर उपाय म्हणून शिकवले जाते ते असे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन नियमाने किमान ५०० ग्रॅम. त्याचा पहिला टप्पा हात खाली येतानाच घेऊन टाकायचा. पिस्तूल नेमाच्या भागात उतरले की उरलेला दाब वाढवत न्यायचा, साइट थोड्या डुलत असल्या तरी थांबायचे नाही, आणि शॉट त्या ओघात सुटू द्यायचा. इथे प्रशिक्षकांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, शॉट कधी सुटला याचे नेमबाजालाही नवल वाटले पाहिजे. दुसरा म्हणतो, अनुभवी नेमबाजाला शॉट सुटण्याचा क्षण आधी जाणवतो आणि जाणवायलाच हवा. मला दोघेही बरोबर वाटतात, फक्त वेगवेगळ्या विद्यार्थ्यांसाठी. पहिल्या दोन वर्षांत नवल वाटू द्यावे. पुढे नवल कमी होते, ते आपोआप व्हावे. उलट्या क्रमाने गेलेल्यांचा जर्क मात्र आयुष्यभर सोबत राहतो.

मूठ आणि पवित्रा या विषयांवर पुस्तके भरली आहेत. मी एकाच गोष्टीपाशी थांबतो. चांगल्या पिस्तुलाची लाकडी मूठ, बहुधा अक्रोडाची, विकत आणली तशी कुणाच्याच हाताला पूर्ण बसत नाही. अनुभवी नेमबाज तिच्यावर महिनोन्महिने काम करतो. कानशीने इथे अर्धा मिलिमीटर घासायचे, तिथे पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पुन्हा धरून पाहायचे. परीक्षा अशी: डोळे मिटून पिस्तूल उचलायचे, हात लांब करायचा, मग डोळे उघडायचे. पुढची साइट खाचेत डावीकडे कललेली दिसली, तर मनगट वळवून ती जुळवायची नाही. मूठ घासायची. कारण मनगट वळवून जुळवलेली साइट पस्तिसाव्या शॉटला, स्नायू दमल्यावर, आपल्या मूळ जागी परत जाते. तीच परीक्षा पायांची. डोळे उघडल्यावर पिस्तूल शेजारच्या लेनकडे रोखलेले असेल, तर हात वळवायचा नाही, मागचा पाय सरकवायचा. शरीराला जिथे सहज जायचे आहे तिथेच टार्गेट आले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात एकही पेलेट उडत नाही, आणि त्याच्याइतका स्वस्त फायदा या खेळात दुसरा नाही.

पेलेट न उडवता होणारे काम हाच सरावाचा मोठा भाग असायला हवा. नेमबाज त्याला ड्राय म्हणतात. पिस्तूल रिकामे, समोर कोरी पांढरी भिंत. काळे वर्तुळ नाही, त्यामुळे नेम लागला की चुकला हा प्रश्नच नाही. पाहायला एकच गोष्ट उरते: ट्रिगर सुटताना पुढची साइट खाचेत हलली का? हलली तर का? असे पंधरा-वीस शॉट मन लावून झाले, की भिंतीऐवजी टार्गेटची उलटी, कोरी बाजू. मग टार्गेट. यातच होल्डिंग येते: पिस्तूल उचलून ३० सेकंद, पुढे ४५, पुढे मिनिटभर धरायचे, ट्रिगरला हात लावायचा नाही, साइट जुळलेल्या ठेवायच्या. हात दमला की साइट आधी कुठे ढळतात, हे प्रत्येकाचे वेगळे असते आणि होल्डिंगमध्येच कळते. बहुतेक एअर पिस्तुलांत ड्रायसाठी वेगळी सोय असते. .२२ मध्ये मात्र रिकाम्या चेंबरवर घोडा सारखा आपटून इजा होऊ शकते, म्हणून डमी काडतूस घालतात. घरी ड्राय करणाऱ्यांनी काडतुसे त्या खोलीतच ठेवू नयेत आणि पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दर वेळी डोळ्यांनी करावी. नळीत सेफ्टी फ्लॅग ठेवायची रेंजवरची शिस्त घरीही तशीच पाळावी.

ड्रायची अडचण एकच आहे. त्याचा स्कोअर येत नाही. मागे खुर्चीत बसलेल्या पालकांना मूल भिंतीकडे पिस्तूल रोखून तासभर उभे आहे, एवढेच दिसते, आणि शेजारच्या लेनवरचे मूल मात्र मॉनिटरवर ८७, ८९ असे आकडे पाडत असते. मग दुसऱ्या आठवड्यात ‘आमच्याला टार्गेट कधी देणार?’ अशी विचारणा सुरू होते. आपल्याकडच्या होतकरू नेमबाजांचे सर्वांत मोठे नुकसान या विचारण्याने होते, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. गंमत अशी, की ज्यांना काडतुसे मिळत नाहीत ते यातून वाचतात. .२२ पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागतो, काडतुसांचा कोटा नेमबाजाच्या दर्जाप्रमाणे ठरतो. त्यामुळे २५ मीटरच्या नेमबाजाला नाइलाजाने ड्राय करावेच लागते, आणि त्याचा ट्रिगर बहुधा साफ होतो.

पेलेट घालून करायच्या सरावात दोन सवयी इतर सगळ्यांहून मोलाच्या. पहिली कॉलची. शॉट सुटल्याबरोबर, मॉनिटरकडे पाहण्याआधी सांगायचे: नऊ, उजवीकडे, किंचित वर. मग पाहायचे. कॉल आणि शॉट जुळत असेल तर नेमबाजाला आपण काय करतो ते कळते आहे. मग तो शॉट आठ असला तरी चिंता नाही. कॉल दहाचा आणि शॉट आठचा असेल, तर शेवटच्या क्षणी डोळा साइटवर नव्हता, हे पक्के. पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने जाते. तेवढा वेळ, आणि त्यानंतरही सेकंदभर, पिस्तूल तसेच धरून साइट पाहत राहायचे. हा फॉलो थ्रू ज्याचा कच्चा, त्याचा कॉलही कच्चा. दुसरी सवय ग्रुप वाचायची. एका शॉटवरून काहीही ठरत नाही. दहा शॉट कुठे जमले आहेत ते पाहून मग साइटचा स्क्रू फिरवायचा. प्रत्येक शॉटनंतर चूक भरून काढायला साइट हलवणाऱ्याचे काय होते, हे संख्याशास्त्र सांगते. त्याच्या शॉटची विखुरण होती तशीच राहत नाही, जवळजवळ १.४ पट वाढते, कारण तो प्रत्येक शॉटच्या नैसर्गिक फरकावर स्वतःची दुरुस्ती चढवत असतो. एडवर्ड्स डेमिंगने कारखान्यातल्या यंत्रांबद्दल फनेलच्या प्रयोगातून हेच दाखवले होते. रेंजवरही ते तंतोतंत लागू पडते.

अनेक रेंजच्या भिंतींवर एक गोल तक्ता लावलेला असतो: गोळी इकडे गेली तर बोट जास्त आत आहे, तिकडे गेली तर अंगठा दाबतोय, वर गेली तर मनगट उचलतंय. तो तक्ता निरुपयोगी नाही. पण तो एका हाताने, आणि उजव्या हाताने, मारणाऱ्यासाठी आहे. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या ग्रुपलाच तो लावता येतो. एकट्या भरकटलेल्या शॉटवर तक्ता लावून निदान करणे म्हणजे कुडमुड्या ज्योतिषाचे काम. .२२ साठी त्याहून खात्रीची कसोटी जुनीच आहे: दुसऱ्याने मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादे डमी मिसळून द्यायचे. नेमबाजाला ते कुठे आहे माहीत नसते. डमीवर घोडा पडला, आवाज झाला नाही, आणि तरीही नळीने खाली मान टाकली, तर धक्क्याच्या भीतीने हात आधीच आवळतो आहे हे सगळ्यांसमोर उघडे पडते. तिथे सबब चालत नाही. उपाय पुन्हा ड्रायच.

आता वेळेचा प्रश्न. ७५ मिनिटांत ६० शॉट म्हणजे शॉटमागे ७५ सेकंद, भरपूर वेळ. पण पिस्तूल नेमाच्या भागात स्थिरावल्यानंतर चांगला शॉट सुटायला काही सेकंदांचीच खिडकी असते. ती उलटली की श्वास कमी पडतो, डोळ्यांवर ताण येतो, हालचाल वाढते आणि ‘एवढं धरलंय तर आता सोडूच’ ही वाईट बुद्धी सुचते. अशा वेळी हात खाली घेणे हे कौशल्य आहे आणि त्याचाही सराव करावा लागतो. चांगला उपाय असा: दर पाचव्या वेळी, सगळे उत्तम जुळून आलेले असतानाही, शॉट न सोडता पिस्तूल टेबलावर ठेवायचे. चिडचिड होते. ती सरावात होऊन गेलेली बरी.

२५ मीटरला ही चैन नाही. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ३० शॉट प्रिसिजनचे आणि ३० रॅपिडचे असतात. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांत खाली. टार्गेट ३ सेकंद खुले, मग ७ सेकंद बंद, आणि प्रत्येक वेळी एकच शॉट. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटरचे रौप्य मिळवून जगभर गाजलेली किम येजी याच प्रकारात एका शॉटला ३ सेकंदांच्या पलीकडे गेली. शून्य गुण मिळाला आणि अंतिम फेरी हुकली. तिच्या हाताच्या स्थैर्याबद्दल कुणाला शंका नव्हती. इथे तालीम करायची ती हात वर येण्याच्या लयीची. पहिल्या सेकंदात हात वर, पहिला टप्पा येता येताच घेतलेला, नजर आधीपासूनच साइट येणार त्या उंचीवर, आणि साइट काळ्याखाली शिरताना दाब चालूच. म्हणून रॅपिडच्या नेमबाजाला ट्रिगरशिवाय नुसते हात उचलायचे सराव द्यावे लागतात, वीस-वीसच्या सेटमध्ये, घड्याळाच्या आवाजावर. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनला याच प्रकारात विश्वचषकाचे सुवर्ण घेतले, पिस्तुलात असे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. २०१८ च्या एशियाडमध्ये तिची आणि थायलंडच्या नेमबाजाची ३४-३४ अशी बरोबरी झाली, पहिल्या शूट-ऑफमध्ये पुन्हा ४-४, आणि दुसऱ्यात ३-२ ने सुवर्ण तिचे. त्या अंतिम फेरीत १०.२ किंवा वर गेलेलाच शॉट हिट धरतात. अशा दहा-पंधरा शॉटमध्ये विचार करायला जागा नसते. हाताला जी लय लागलेली असते तीच चालते. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये ८, ६ आणि ४ सेकंदांत पाच टार्गेटांवर पाच शॉट मारायचे असतात. लंडनला २०१२ साली विजय कुमारने त्यात रौप्य मिळवले. चार सेकंदांच्या त्या मालिकेत पहिला शॉट उशिरा गेला की उरलेले चार आपोआप बिघडतात, म्हणून तिथला निम्मा सराव नुसत्या पहिल्या शॉटचा असतो.

उपकरणांत स्कॅटसारखी यंत्रे आता मोठ्या अकादम्यांत रुळली आहेत. नळीवर सेन्सर बसवला की नेम टार्गेटवर कसा फिरत होता त्याची रेघ पडद्यावर उमटते: शेवटच्या सेकंदाचा भाग पिवळा, शॉट सुटल्यानंतरचा लाल. पूर्वी प्रशिक्षक मागे उभा राहून जे अंदाजाने सांगायचा, ते इथे दिसते. पिवळी रेघ दहाच्या आसपास घुटमळत होती आणि सुटताना अचानक खाली डावीकडे शेपूट निघाले, तर वाद संपला. पण हे यंत्र रोज लावून बसणाऱ्या मुलांचे मी पाहतो ते असे, की ती साइटऐवजी मनातल्या त्या रेघेकडे बघू लागतात. आठवड्यातून एकदा तपासणी म्हणून ते उत्तम. रोजच्या आहारात नको.

शरीराबद्दल थोडेच सांगायचे आहे, कारण इथे प्रवाद जास्त आहेत. पॅरिसला खिशात हात घालून, साधा चष्मा लावून रौप्य मिळवणारा तुर्कस्तानचा युसूफ डिकेच म्हणजे सरावाशिवाय आलेला माणूस, असे चित्र समाजमाध्यमांवर रंगले. तो २००८ च्या बीजिंगपासून ऑलिंपिक खेळतो आहे. मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवणे ही तर सर्वांचीच रीत, खांदा डुलू नये म्हणून. दोन्ही डोळे उघडे ठेवायची त्याची पद्धतही अनेक प्रशिक्षक शिकवतात. न जमणाऱ्याला एका डोळ्यापुढे छोटी पट्टी लावायची मुभा आहे. हंगेरीच्या कारोली टाकाचचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँबने निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सुरुवात केली आणि १९४८ व १९५२ अशी दोन्ही ऑलिंपिकची रॅपिड फायरची सुवर्णे नेली. कौशल्य हातात नेमके कुठे असते, हा प्रश्न त्याच्यानंतर कुणी फारसा उगाळू नये.

मनाचा भाग मात्र सरावातून वगळता येत नाही. महाराष्ट्रात हा विचार रुजवण्यात नाशिकच्या भीष्मराज बाम यांचा वाटा मोठा. पोलीस सेवेतल्या या अधिकाऱ्याने श्वास, एकाग्रता आणि योगातल्या पद्धती नेमबाजांच्या रोजच्या कामात आणल्या. धडधड कमी करणाऱ्या औषधांवर नेमबाजीत बंदी आहे. बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूला प्रोप्रानोलॉल सापडल्यामुळे दोन पदके परत करावी लागली. त्यामुळे धडधड असतानाच मारता येणे, एवढाच मार्ग उरतो, आणि तो शिकवण्याची जागा सराव हीच. टोकियोत मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले. पॅरिसमध्ये १० मीटरच्या अंतिम फेरीत ती २२१.७ वर बाद झाली, तेव्हा पुढची खेळाडू २२१.८ वर होती. असे प्रसंग घडतातच असे धरून सराव आखावा लागतो. मध्येच पिस्तूल काढून घ्यायचे आणि दहा मिनिटांनी परत द्यायचे. शेवटच्या पाच शॉटना पूर्ण रेंज थांबवून सगळ्यांना मागे उभे करायचे. दहा धावत्या फेऱ्या मारून लगेच शॉट. एका शॉटवर आइस्क्रीमची पैज. यातला शेवटचा उपाय हास्यास्पद वाटतो, पण कनिष्ठ गटातल्या मुलांची नाडी त्याने जितकी वाढते तितकी धावण्यानेही वाढत नाही.

राहिला प्रश्न व्यवस्थेचा. बालेवाडी आणि वरळीच्या रेंज सोडल्या, तर जिल्ह्याच्या ठिकाणी १० मीटरच्या खासगी अकादम्या हाच आधार. चांगले परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या वर जाते, म्हणून सुरुवातीला अकादमीचेच पिस्तूल सगळ्यांत फिरते, आणि मूठ कुणाच्याच हाताला बसत नाही. इथे फारसा खर्च न करता दोन सुधारणा शक्य आहेत. पहिली, पिस्तूल एकच असले तरी प्रत्येक मुलाला स्वतःची मूठ घेऊ द्यावी. ती एका स्क्रूने बदलता येते, आणि पिस्तुलाच्या तुलनेत तिची किंमत फारच थोडी. दुसरी, अकादमीच्या पहिल्या तीन महिन्यांत मॉनिटर बंद ठेवावा आणि पालकांना तसे प्रवेशाच्या दिवशीच सांगून टाकावे.

ज्याच्याकडे दिवसाला एकच तास आहे, अशा नोकरदार नेमबाजाने तो कसा वापरावा, असे मला विचारले जाते. पहिली पंचवीस मिनिटे भिंत आणि होल्डिंग. मग कोऱ्या टार्गेटवर वीस पेलेट, ट्रिगरसाठी. मग खऱ्या टार्गेटवर वीस, प्रत्येक शॉट कॉल करून, दर पाचवा उचललेला हात न सोडता खाली घेऊन. उरलेल्या वेळात वही: कुठला कॉल चुकला, कशाने चुकला, उद्या एकच कुठली गोष्ट पाहायची. पूर्ण ६० शॉटची मॅच पंधरवड्यातून एकदा, घड्याळ लावून. तिचा स्कोअर वहीच्या मागच्या पानावर लिहावा, पुढच्या नाही.